मुलांसोबत प्राचीन जगाची सचित्र पुस्तकं कशी निवडायची आणि कशी वाचायची

भाचीला मोहेंजोदडोचं चित्र दाखवत होते. छान दोन पानी मोठं चित्र, सरळ रस्ते, विहिरी, बैलगाड्या, आणि कोपऱ्यात सिंहासनावर बसलेला राजा. तिनं विचारलं, मावशी, ह्या राजाचं नाव काय? आणि मी अडकले, कारण तिथे राजा होता की नव्हता हेच कुणाला सांगता येत नाही. नक्की राजवाडाच म्हणता येईल अशी इमारत तिथे सापडलेली नाही, लिपी अजून वाचता आलेली नाही, आणि तो शाल पांघरलेला दाढीवाला पुतळा ज्याला सगळे ‘पुरोहित राजा’ म्हणतात, ते नावसुद्धा आपण आत्ता आत्ता दिलेलं. म्हणजे सिंहासनावरचा राजा सगळाच चित्रकाराच्या मनातला. पण भाचीच्या डोक्यात तो पक्का बसला, आणि तिथून त्याला उठवायला मला दोन रविवार लागले.

तेव्हापासून मुलांसाठी इतिहासाचं चित्रांचं पुस्तक घेताना मी एकच गोष्ट बघते: ह्यातलं सापडलेलं किती आणि कल्पनेनं भरलेलं किती, हे पुस्तक मुलाला सांगतं का? कल्पना वाईट नाही हं, तिच्याशिवाय असलं पुस्तक बनणारच नाही, चार भिंतींच्या पायावरून अख्खं घर काढायचं तर छप्पर मनानेच घालावं लागतं. फक्त ते मनानं घातलंय हे मुलाला कळायला हवं.

दुकानात किंवा लायब्ररीत पुस्तक हातात आल्यावर

पहिल्यांदा मधलं कुठलंही पान उघडा आणि बघा की काढलेल्या चित्राशेजारी खऱ्या वस्तूचा फोटो आहे का. चांगल्या पुस्तकात पाँपेई ह्या इटलीतल्या जुन्या रोमन शहरातल्या बेकरीचं चित्र असेल तर बाजूला तो काळा जळका पावाचा फोटो असतो, आठ फोडी पाडायच्या खुणा असलेला गोल पाव, इ.स. ७९ मध्ये शेजारचा व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा कोळसा होऊन राहिलेला. मूल एकदा फोटोकडे बघतं, एकदा चित्राकडे, आणि आपोआप समजतं की अच्छा, ह्यावरून हे काढलंय. तीनशे झगमगीत चित्रं आणि एकही वस्तू नाही असं पुस्तक मी खाली ठेवते.

मग छापल्याचं वर्ष बघा. पुरातत्त्वात चाळीस वर्षांत खूप काही बदलतं आणि जुनी पुस्तकं नव्या कव्हरात परत परत छापली जातात. सगळ्यात सोपी टेस्ट म्हणजे पिरॅमिडचं पान. चाबूक मारणारे मुकादम आणि साखळदंडातले गुलाम दिसले की समजा माहिती जुनी आहे. गिझाला १९९० पासून पिरॅमिड बांधणाऱ्या कामगारांच्या कबरी सापडत गेल्या, शेजारी त्यांची वस्ती, भट्ट्या, गुराढोरांची हाडं सापडली, म्हणजे त्यांना भाकरी, बिअर आणि मांस मिळत होतं, आणि काही सांगाड्यांत मोडलेली हाडं नीट बसवून जुळलेली आहेत, म्हणजे कुणीतरी उपचार केले होते. मग २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे, तुकडे मिळाले, त्यात मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजची नोंदवही आहे, आज तुऱ्याच्या खाणीतून चुनखडी बोटीत भरली, आज गिझाला पोचवली, अशी. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची कामाची डायरी! मुलांना हे सांगून बघा, फेअरोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, सोन्याच्या मुखवट्यापेक्षा मेरेर जास्त आवडतो असा माझा अनुभव आहे, कारण तो बाबांसारखा रोज कामावर जातो.

अशाच दोन-तीन झटपट टेस्ट आणखी. व्हायकिंगांच्या हेल्मेटला शिंगं असली तर चित्रकारानं शोधायचे कष्ट घेतले नाहीत, कारण नॉर्वेत १९४३ मध्ये सापडलेल्या त्यांच्या प्रसिद्ध हेल्मेटला शिंगं नाहीतच, ती आली १८७६ च्या जर्मन ऑपेराच्या वेशभूषेतून. ग्रीक आणि रोमन पुतळे मुळात रंगवलेले असायचे, रंग उडून गेला म्हणून आज पांढरे दिसतात, त्यामुळे त्या काळच्या शहराच्या चित्रात सगळं पांढरंशुभ्र असेल तर तेही बरोबर नाही. चीनच्या सम्राटाच्या थडग्याजवळच्या मातीच्या सैनिकांचंही तसंच, १९७४ मध्ये शिआनजवळ शेतकरी विहीर खणत होते तेव्हा ते सापडले, तेही रंगीत होते आणि बाहेरची हवा लागल्यावर रंग सुटून पडला.

आता नकाशाचं पान. ‘जगाचा इतिहास’ असं नाव असतं आणि आत बघाल तर इजिप्त, ग्रीस, रोम, मग एकदम किल्ले आणि सरदार. आफ्रिका म्हणजे फक्त इजिप्त. हे मला मनापासून खटकतं, कारण मूल त्यातून न सांगता काहीतरी शिकतं, की बाकीच्यांकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. ग्रेट झिंबाब्वे आहे का बघा. चुना-माती न वापरता नुसते दगड रचून बांधलेल्या भल्यामोठ्या भिंती, साधारण अकराव्या ते पंधराव्या शतकातल्या, शोना लोकांच्या पूर्वजांनी बांधलेल्या. गोऱ्या वसाहतवाल्यांना हे पटेचना, ते म्हणायचे बाहेरून आलेल्या कुणीतरी बांधलं असणार, १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन ह्या बाईंनी खोदून दाखवलं की हे आफ्रिकी माणसांचंच काम आहे. आणि १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यानं नावच ह्या भिंतींवरून घेतलं. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट सांगितलीत तर इतिहास कोण लिहितं हा प्रश्न त्याला आपोआप पडतो. मालीचा राजा मन्सा मुसा, १३२४ ची त्याची हजयात्रा, आणि दक्षिण अमेरिकेतल्या इंका लोकांचे गाठी मारलेले दोरे ज्यांत ते हिशेब ठेवायचे, हेही असलं तर उत्तम.

भाषाही वाचा. माया लोक ‘गूढरीत्या लुप्त झाले’ असं लिहिलेलं असतं. त्यांची जुनी शहरं ओस पडली हे खरं, पण माया भाषा बोलणारी लाखो माणसं आज ग्वाटेमालात आणि मेक्सिकोत राहतात, शेती करतात, शाळेत जातात. पुस्तकात त्यांचा आजचा एक फोटो असला तरी खूप फरक पडतो. अ‍ॅझ्टेक म्हटल्यावर फक्त नरबळीचं रक्ताळलेलं चित्र आणि दुसरं काहीच नाही, असंही असतं. आजच्या मेक्सिकोतली त्यांची राजधानी टेनोच्टिट्लान तळ्यात वसवलेली होती, पाण्यात भर घालून केलेल्या वाफ्यांवर भाजी पिकायची, हे चित्र नसेल तर ते पुस्तक अर्धवट आहे.

आणि बायका कुठे आहेत ते बघा. फक्त चुलीपाशी? हत्शेप्सुत होती, स्वतः फेअरो, पुतळ्यात फेअरोंची ती खोटी दाढीही लावलेली. त्याहून मला एनहेदुआना महत्त्वाची वाटते, आजच्या इराकमधल्या अक्कडच्या सारगॉन राजाची मुलगी, उर शहरातली मुख्य पुजारीण, सव्वाचार हजार वर्षांपूर्वीची. नावानिशी माहीत असलेली जगातली सगळ्यात जुनी साहित्यिक म्हणून तिचंच नाव घेतात. लिहायला आवडणाऱ्या मुलीच्या हातात पुस्तक देणार असाल तर इंडेक्समध्ये हे नाव आधी शोधा.

वयाचं फार टेन्शन घेऊ नका. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मोठी चित्रं आणि एका पानावर एकच जागा पुरते, सात ते नऊ ह्या वयात घर किंवा जहाज मधून कापून आतलं दाखवणारी चित्रं सगळ्यात जास्त चालतात, दहाच्या पुढे नकाशे, सनावळ्या, ‘हे कसं शोधलं’ वगैरे चौकटी हव्यात. मोठं पुस्तक लहान मुलाला नुसतं बघायला दिलं तरी काही बिघडत नाही.

पुस्तकं मिळवण्याचं म्हणाल तर कोरी महाग पडतात, जाड कागद आणि रंगीत छपाई असते. मी बरीचशी सेकंडहँड घेतलीत, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर, आणि किलोवर पुस्तकं विकणारी प्रदर्शनं लागतात तिथे तर असली पुस्तकं बरीच असतात, वजनाला भारी असतात एवढंच. फक्त वर्ष बघायला विसरू नका. मराठीत असली पुस्तकं कमी आहेत, ‘किशोर’चे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात त्यात शोधाशोध करा, बाकी बहुतेक इंग्रजीच.

इंग्रजी पुस्तक, मराठी मूल

इथे बरेच पालक चुकतात असं मला वाटतं. कॅप्शन इंग्रजीत वाचायचं, मग त्याचं भाषांतर करायचं, मग पुढचं कॅप्शन, अशानं मूल तिसऱ्या मिनिटाला उठून जातं. तसं करू नका. आदल्या रात्री ती दोन पानं तुम्ही स्वतः वाचा, आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक मांडीवर घेऊन चित्राकडे बोट दाखवत आपल्या शब्दांत सांगा. शब्द आपल्याकडे आहेत. इजिप्तमधली बाई गुडघ्यावर बसून दगडावर धान्य भरडत्ये ना, तो पाटा-वरवंटाच आहे. सुमेरचा, म्हणजे जुन्या दक्षिण इराकचा, लेखनिक ओल्या मातीत ज्यानं खुणा उमटवतोय तो बोरू, आपल्या बोरूसारखाच गवताच्या जाड काडीचा. सिंधूच्या चौकोनी ठशांना मुद्रा म्हणा, फुटक्या भांड्यांच्या तुकड्यांना खापरं. एकदा पाटा-वरवंटा म्हटलं की मूल म्हणतं, आजीकडे आहे तसा? आणि चार हजार वर्षं एका क्षणात जवळ येतात.

दर पानाला एकदा तरी विचारायचं, हे कशावरून कळलं असेल? उत्तर तुम्ही लगेच देऊ नका. रस्त्यावर कुत्रा काढलाय, कशावरून? हाडं मिळाली असतील, कुत्र्याचं खेळणं मिळालं असेल. बाईनं लाल साडी नेसल्यासारखं काहीतरी आहे, कशावरून? कापड तर कुजून जातं. मग मूलच म्हणतं की हे मनानं काढलंय. आमच्याकडे पुस्तकात पेन्सिलीनं खुणा करायची मुभा आहे, सापडलेल्या गोष्टीला बरोबरची खूण, मनानं काढलेल्याला प्रश्नचिन्ह. लायब्ररीचं पुस्तक असेल तर छोट्या चिकट चिठ्ठ्या लावा.

दोरी आणि पट्टी

सनावळी मुलांना कळत नाही, इ.स.पू. तर अजिबात नाही, आकडा मोठा तसं जुनं हे उलटं गणित डोक्यात जाता जात नाही. त्यासाठी पाच मीटरची सुतळी घ्या. एक सेंटीमीटर म्हणजे १० वर्षं, म्हणजे एक मीटर म्हणजे १००० वर्षं. एक टोक आज. कपडे वाळत घालायचे चिमटे आणि चिठ्ठ्या घ्या. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक, १६७४, साधारण ३५ सेंटीमीटरवर. अजिंठ्याची रंगवलेली ती प्रसिद्ध लेणी, पाचवं शतक, दीड मीटरच्या थोडं पुढे. इजिप्तची राणी क्लिओपात्रा मेली इ.स.पू. ३० मध्ये, दोन मीटर पाच सेंटीमीटर. मोहेंजोदडो भरात होतं ते साडेचार मीटरवर, इजिप्तच्या खुफू राजाचा मोठा पिरॅमिड त्याच्या शेजारीच. आता मुलाला मोजायला सांगा, क्लिओपात्रापासून पिरॅमिड जास्त लांब आहे की चंद्रावर उतरलेला माणूस? पिरॅमिड लांब आहे, चक्क अर्ध्या मीटरनं. पुस्तकात मात्र दोघं एकाच ‘प्राचीन इजिप्त’ पानावर असतात. आणि इंकांचं डोंगरावरचं शहर माचू पिच्चू लावा, १४५० च्या आसपास, ५७ सेंटीमीटर, म्हणजे महाराजांच्या चिमट्यापासून वीतभर. पुस्तक त्याला प्राचीन म्हणतं, पण अजिंठा त्याच्याहून हजारेक वर्षं जुना. मुलाचं स्वतःचं आठ वर्षांचं आयुष्य दोरीवर एक सेंटीमीटरही भरत नाही, हे बघून आमच्याकडे एकदम शांतता पसरली होती.

पट्टी आकारासाठी. पुस्तकात सगळ्या वस्तू पानभर असतात म्हणून मुलांना सगळं मोठ्ठं वाटतं. मोहेंजोदडोची नर्तकी फक्त साडेदहा सेंटीमीटर आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात. कागदावर साडेदहा सेंटीमीटरची रेघ मारा आणि तिच्याशेजारी मुलाला तळहात ठेवायला सांगा. उलट खुफूचा पिरॅमिड मुळात १४६ मीटर उंच होता, ते समजावायला तुमच्या बिल्डिंगचे मजले मोजा, एक मजला तीन मीटर धरला तर साधारण ४८ मजले. चांगल्या पुस्तकात वस्तूखाली माप दिलेलं असतं, नसेल तर त्या म्युझियमच्या साइटवर मिळतं.

हातानं करायचं

मेसोपोटेमियाचं, म्हणजे जुन्या इराकचं, पान वाचलं की शाडू माती काढा. गणपतीनंतर उरलेली असतेच. तळहाताएवढी चपटी पाटी करा, आइस्क्रीमची काडी टोकाशी तिरकी कापून घ्या आणि तिचा कोपरा मातीत दाबा, ओढायचं नाही, फक्त दाबायचं, की खिळ्यासारखी खूण उमटते, म्हणूनच तिला कीललिपी म्हणतात. उभा खिळा म्हणजे एक, कोनासारखी आडवी खूण म्हणजे दहा. मुलानं आपलं आणि आजीचं वय लिहायचं. आजी साठीच्या पुढची असेल तर मजा येते, कारण तिथे साठाचा गट होता, साठाला परत एक उभा खिळा. आपल्या तासाची साठ मिनिटं तिथूनच आलीत. पाटी वाळली की पाण्यात घालून दाखवा, विरघळते. मग विचारा की हजारो वर्षांच्या पाट्या टिकल्या कशा. निनेव्हे शहर इ.स.पू. ६१२ मध्ये जळलं तेव्हा राजाच्या ग्रंथालयातल्या कितीतरी पाट्या त्या आगीत भाजल्या आणि विटेसारख्या पक्क्या झाल्या. कागदाची लायब्ररी असती तर राख झाली असती.

उरच्या थडग्यांमध्ये वीस घरांचा एक पट मिळालाय, साधारण इ.स.पू. २६०० चा. त्याचे नियम ब्रिटिश म्युझियमच्या आयर्विंग फिंकल ह्यांनी इ.स.पू. १७७ मधल्या एका बॅबिलोनच्या पाटीवरून लावले. पुठ्ठ्यावर काढा, प्रत्येकाला सात सोंगट्या, फाशांऐवजी चार कवड्या चालतात. मुलांना सारीपाटासारखाच वाटतो.

आणि स्वयंपाकघर. इंका आणि अ‍ॅझ्टेक वाचून झाल्यावर उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी समोर ठेवून विचारा, ह्यातलं अमेरिकेतून काय आलंय? साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला, बटाटा अँडीज पर्वतातला, मिरची तिकडची, शेंगदाणा तिकडचा. जिरं आणि तूप तेवढं इकडचं. मिरची पोर्तुगिजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्याला लागली, आणि बटाटा, काजू हे शब्दसुद्धा पोर्तुगीजमधूनच मराठीत आले. अ‍ॅझ्टेकांचं पान त्यानंतर परत उघडा, मुलं वेगळ्या नजरेनं बघतात.

ममी आणि सांगाडे

ही पानं मुलं सगळ्यात जास्त वेळा उघडतात आणि रात्री सगळ्यात जास्त प्रश्नही ह्यावरच येतात. टाळू नका, पण आधी सांगा की ही खरी माणसं होती. पाँपेईचे ते पांढरे आकार म्हणजे राखेत माणसांच्या शरीराची जी पोकळी राहिली तिच्यात १८६३ पासून प्लास्टर ओतून काढलेले ठसे आहेत, हे सांगितल्यावर माझी भाची बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली त्यांना पळायला वेळ मिळाला नाही का. तेवढं बोलणं झालं की पान उलटायचं, त्या दिवशी पुढे वाचायचं नाही. आपल्याकडचंच उदाहरण द्यायचं तर शिरूरजवळ इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ खोदकाम केलं, तिथे तीनेक हजार वर्षांपूर्वी लहान मुलं गेली की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवून घरातच पुरायचे. घरातच, म्हणजे जवळ. मोठ्या मुलांना हे सांगता येतं, आणि मग ममीकडे ‘ईई’ करून बघायचं कमी होतं.

खरं बघायला

पुस्तकातली एक तरी वस्तू प्रत्यक्ष बघायला न्या, त्याला परदेशात जावं लागत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अ‍ॅसिरियन राजवाड्यातले, म्हणजे जुन्या इराकमधले, दगडी शिल्पपट आहेत. कोल्हापूरला टाउन हॉलच्या म्युझियममध्ये पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती आहे, ग्रीकांचा समुद्रदेव, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला. आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला गेलात तर मुलांना ही गोष्ट सांगा: १९३८ मध्ये पाँपेईत एका घरात हस्तिदंती बाहुली सापडली, दागिन्यांनी मढलेली, भारतीय बाईची. तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती तेरला आणि भोकरदनला मिळाल्यात. म्हणजे जो पाव जळाला त्याच शहरात कुणाच्या तरी घरात आपल्याकडची बाहुली होती.

जाण्याआधी फोन करून वेळ आणि सुट्टीचा वार विचारा. पुस्तकातलं ते पान मोबाइलवर फोटो काढून न्या, आणि एक वही, पेन्सिल, पट्टी. काही ठिकाणी फोटो काढू देत नाहीत, चित्र काढायला मला अजून कुणी हरकत घेतलेली नाही. एका खेपेला दोनच वस्तू, अर्धा तास, आणि मग बाहेर येऊन उसाचा रस.